चौदा नंबरचं कारण

१२ नोव्हें., बुध.
जोडणी झाली. कारखान्यातल्या सोळा लूमना सोळा सेन्सरच्या डब्या. लूम थांबला की माझ्या स्क्रीनवरचा हिरवा ठिपका पिवळा होतो, आणि ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या ऑर्डरची तारीख आपोआप पुढे सरकते. मी फक्त कारण निवडायचं. यादीत चार : धागा तुटला, आडव्या धाग्याची कांडी संपली, लाइट गेली, विनाकारण.
डोळे मिटले तरी ठिपके दिसतात. पाण्यावर तरंगल्यासारखे.

१४, शुक्र.
चौदा नंबर नऊ वेळा ‘विनाकारण’. इस्माइल चाचांचा लूम. जाऊन उभी राहिले. चाचा मान तिरकी करतात, लूम थांबवतात, ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून तळहात फिरवतात. कुठेतरी एक धागा विरलेला सापडतो. त्याला जोड, पुन्हा चालू.
“तुटला नाही तरी थांबवता, चाचा?”
“आवाज बदला ना, बेटी. तेरी डिब्बी तो टूटने के बाद जागती है.”
कापड उजेडात धरून पाहिलं. कुठेच खोट नाही.

१५, शनि.
शेठ म्हणाले, “बुधवारी रिपोर्ट बघतो. विनाकारणवाले लूमवर नकोत. चाचांना पॅकिंगला टाकू.”
मी म्हटलं, त्यांना आधी ऐकू येतं.
“मग डबी त्यांच्या कानाला लावू का?”
‘धागा तुटला’ दाबलं की चाचा वाचतात. पण तुटला नव्हता.

१६, रवि.
काल्हेर. घरी. दिवसभर पंख्यात लूम ऐकू येत होते.
शाळेआधी आत्याने घरीच पाटीवर शिकवलं. एकदा मी घर काढलं, त्यामागे विहीर काढली. “हितनं विहीर दिसते? न्हाय ना? मग पुस.” पुसली. ओला हात अजून आठवतो.

१७, सोम.
पाचवं कारण टाकलं : ‘तुटण्याआधी’. सॉफ्टवेअरने घेतलं. सॉफ्टवेअरवाल्यांचा लगेच फोन : “मॅडम, हे कोण ठरवणार? तुम्ही बघितलंय का?”
चाचांना बघितलंय, मी म्हणाले. आवाज बारीक झाला माझा.

१८, मंगळ.
दुपारी चौदा नंबरजवळ डोळे मिटून उभी. आधी सगळे सोळा एकच, लांब कुठेतरी नदीवर कपडे धुताहेत तसे. मग त्यातून चौदा वेगळा झाला. बराच वेळ तसाच. मग त्यात काहीतरी सैल…
चाचा चहाला गेलेले. मीच थांबवला.
स्क्रीनवर पिवळा. ‘कारण?’
तळहात फिरवला. काही नाही. चाचा परत आले, माझ्याकडे पाहिलं.
“सुना?”
“वाटतं.”
“वाटतं मत बोल. ढूँढ.”
आणि दुसऱ्या टोकाकडून त्यांनी हात फिरवायला घेतला.
मी जरा बाजूला बसून हे लिहितेय. रकाना रिकामा आहे. चाचांचा हात मधोमध आलाय. आता हळू झाला.