नानांचं पुस्तक उघडत नाही

प्रिय अबोली,

लिहायचं टाळत होतो, खरं सांगतो. कागद रोज काढायचो आणि सदर बाजारातल्या सोनारांच्या पाट्यांवरची अक्षरं त्यावर गिरवत बसायचो.

इथं रायपुरात, समता कॉलनीत मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहतो ते नाना, रेल्वेतून निवृत्त झालेले. पत्नी अंजनाबाई गेल्यापासून त्यांच्या आठवणी मला सांगतात. हात थरथरतो म्हणून लिहीत नाहीत. ऐकलेलं मी दुकानात येऊन टाइप करतो. रविवारी वर्षश्राद्ध. त्या दिवशी पुस्तक सगळ्यांच्या हाती द्यायचं, एवढंच त्यांचं मागणं.

परवा आमच्या डीटीपीच्या दुकानाचे मालक, नरहरीभैया, यांना नागपूरच्या नोकरीचं सांगितलं.  काल पुस्तक उघडलं तर कॉम्प्युटर म्हणतो, फॉन्ट सापडत नाही. दुसरा लावला, तर अंजनाबाईंच्या भाकरीच्या आठवणीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, सगळं कडबोळं. बाजारभर विचारत फिरलो. पण तो फॉन्ट भैयांनी स्वतःसाठी बनवून घेतलेला, बाहेर कुणाकडेच नाही. तो त्यांनी कॉम्प्युटरवरून काढून पेनड्राइव्हवर ठेवलाय. किल्ल्यांच्या जुडग्यातला तो पेनड्राइव्ह दाखवला आणि शांतपणे म्हणाले, "जाय ना भाऊ, कोन रोकून राहिलं तुले? फॉन्ट मात्र इथंच राहीन." दिवाळीपर्यंत थांबलो तर मिळेल म्हणे, नव्या रायपुरातल्या ऑफिसांचं काम आलंय. तिथं मी प्रूफ द्यायला गेलो होतो. रस्ते इतके रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि परतायला बस नाही. एवढ्या मोकळ्या जागीही अडकून उभा होतो. असो, भरकटलो.

सोमवारी नागपुरात कामावर रुजू झालो तरच तुझे बाबा आपल्या लग्नाबद्दल बोलणार, हे विसरलो नाही. म्हणूनच हे पत्र. मी येत नाही, हे त्यांना तूच सांग; माझ्यानं फोनवर बोलवणार नाही. भैयांना अजून हो म्हटलेलं नाही. तुझं उत्तर येईस्तोवर कसंतरी टाळावं म्हणत होतो, पण आत्ता जिन्यावर काठी वाजली आणि बघतो तर नाना. या दुकानाची पायरी ते कधी चढले नव्हते. हातात पेढ्यांचा डबा. भैयांपुढे धरून म्हणाले, "माझ्या अंजनेले छापून राहिले तुमी, तोंड गोड करा." भैयांनी पेढा घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

कुठंही अडकलो तरी तुझाच,
रणजित