दोन चौकटींमधली पट्टी

ओसाका, ९ नोव्हेंबर १९५६

प्रिय फुसाए ताई,

मुळ्याचं लोणचं पोचलं. अर्धं गुरुजींनीच फस्त केलं, वर टोमणा, "तुझी बहीण मीठ घालते की ओतते?" थंडी पडलीय, शाई लवकर वाळत नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

माझं काम बदललंय. इतकी वर्षं मी घरं, झाडं, पाऊस काढायचे. चेहरा मात्र गुरुजींनीच काढायचा, ही आमच्या चित्रकथांच्या धंद्यातली रीत. दोरीवर वाळत टांगलेली बिनचेहऱ्याची माणसं बघून मला धडकी भरायची. उन्हाळ्यात गुरुजींचा उजवा हात लुळा पडला. म्हणाले, "तोकी, आता चेहरे तूच काढ. मोठे डोळे, इवलंसं नाक, बास. गल्लीबोळात चित्रं दाखवून गोष्टी सांगायचो तेव्हापासून बघतोय, जितकं कमी काढशील तितकं बघणाऱ्याला त्यात आपलं माणूस दिसतं."

कमीच रेघा काढल्या गं. तरी ती आलीच. पुढच्या पानावर पुन्हा आली. आता ब्रश उचलायच्या आधीच खांद्याशी येऊन उभी राहते. मान वळवायची भीती वाटते मला.

कुणाबद्दल बोलतेय ते तुला कळलंच असेल. आपली मियो.

या कथेतली पोरगी शेवटी बॉम्बच्या आगीत मरते. पुस्तकं भाड्याने देणाऱ्या दुकानांना रडवणारा शेवट हवा असतो. गुरुजी म्हणाले, "मरण काढू नकोस. एका चौकटीत ती पळतेय, दुसरीत नुसता धूर. मधल्या कोऱ्या पट्टीत काय झालं ते वाचणाऱ्याला कळतं."

अकरा वर्षांपूर्वी बॉम्ब पडले त्या रात्री तिचा हात तुझ्या हातातून सुटला, आणि मग नुसता धूर. तेव्हापासून आपण दोघी त्या पट्टीतच राहतोय ताई, आणि एकमेकींना लोणच्याबद्दल लिहितोय.

धूर मी काढलाच नाही. शेवटच्या पानभर ती पळतेय. गुरुजींनी पान दिव्याशी धरलं. "प्रकाशक बोंबलेल," म्हणाले, आणि डाव्या हाताने आपला शिक्का मारला.

पुढच्या महिन्यात पुस्तक तुमच्या गावच्या दुकानात येईल. उघडू नकोस, असं लिहिणार होते. पण तिचा एकही फोटो आगीतून वाचला नाही गं. उघड. आणि हनुवटी चुकली असेल तर कळव, मला आता नीट आठवत नाही.

तुझ्या उत्तराला घाबरलेली,
मियोची मावशी
तोकी