बंद कॉम्प्युटरचा जागा दिवा

चिरंजीव खटपट्यास मामाचे पोटभर आशीर्वाद.

तू मजेत असशील असं धरून चालतो. इकडे माझा गुडघा सोडला तर सगळे खुशाल आहेत. मामीची तब्येत ठणठणीत आहे, आवाजावरून तर फारच ठणठणीत. तुझ्या आईचा खोकला थांबला का ते कळव. (तिला विचारू नकोस. ती ‘थांबला’ म्हणेल आणि म्हणता म्हणता खोकेल. तू दुसऱ्या खोलीतून कान दे.)

आता कारण सांगतो. तू आम्हाला दिलेला तुझा जुना कॉम्प्युटर बंद होत नाही. म्हणजे होतो. पडदा काळा होतो, आतला पंखा थांबतो, सगळं कसं शिस्तीत. पण पाठीमागे, जिथे इंटरनेटची वायर खुपसली आहे तिथे, मोहरीएवढा एक हिरवा दिवा लुकलुकत राहतो. सकाळी पाहावं तर चालू, जेवून उठावं तर चालू. तुला ठाऊक आहे, मी बत्तीस वर्षं दारोदार फिरून विजेचे मीटर वाचले. कोण पंखा चालू ठेवून बाहेर गेलंय हे मी जिन्यातूनच सांगायचो. अशा माणसाच्या घरात बंद केलेल्या यंत्राला दिवा! अरे, मला अन्न गोड लागेना.

पहिल्या दिवशी मी सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं आणि निवांत झालो. त्याच बटणावर फ्रीज आहे हे माझ्या लक्षातून गेलं. दूध नासलं, बर्फ वितळून स्वयंपाकघरात तळं झालं आणि त्या तळ्यात उभं राहून मामीने माझा तीस वर्षांचा हिशोब काढला. तिच्या मागे फिरून मी दिवे बंद करतो हे मला मान्य आहे. (एकदोनदा ती न्हाणीघरात असताना केला असेल. ती म्हणते रोज. मी म्हणतो, आत असलेल्या माणसाने आवाज तरी करावा.) शेवटी तिने पैजच लावली. महिनाअखेरपर्यंत तो हिरवा दिवा विझवून दाखवायचा. भिंतीच्या बटणाला हात लावायचा नाही, वायर उपटायची नाही. जमलं तर घरातली सगळी बटणं जन्मभर माझी, नाही जमलं तर पुन्हा एकाही दिव्याच्या बटणाला मी बोट लावायचं नाही. आणि मी हो म्हणून बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाबा रे, निवृत्त माणसाच्या हातून बटणं गेली तर त्याच्याकडे उरतं काय? गुडघा.

मग कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, काका, हे नेटवर्क कार्ड. कॉम्प्युटर झोपला तरी ते अर्धवट जागं राहतं, म्हणजे कुणाला दुरून वायरीतूनच तो उठवता येतो. आता आमच्या कॉम्प्युटरला दुरून कोण उठवणार? इथे जवळ बसून मला तो उठत नाही. त्यावर त्यांनी दोन उपाय सांगितले. एक म्हणजे चालू होता होता एक बटण बडवून निळं पान उघडायचं आणि तिथे ही सवय बंद करायची. दुसरा म्हणजे आत त्या कार्डाच्या नावाचं पान शोधून एक बरोबरची खूण काढायची. पाच मिनिटांचं काम आहे, मीच करते, असंही म्हणाल्या. पण मी आयुष्यात कुणाकडून मीटर वाचून घेतलेला नाही! नको म्हणालो. बाई हसल्या आणि दाराशी मामीबरोबर बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या.

इथेच घोडं पेंड खातं. ते निळं पान यायचा क्षण इतका छोटा, की मी चष्मा नाकावर आणेपर्यंत निघून जातो. बाराव्या खेपेला सापडलं. तिथे मी काय दाबलं ते देव जाणे, पण कॉम्प्युटर वीस वर्षं मागे गेला आणि आजची तारीख मानायलाच तयार होईना. (माझी मात्र वीस वर्षं गेली नाहीत.) मग दुसरा उपाय केला. आत वीसेक नावं, सगळी एका आईची लेकरं वाटावीत अशी. मी खूण काढली ती कार्डाची नव्हे, माऊसची. आता कॉम्प्युटर डुलकी घेतो तेव्हा माऊस हलवून हलवून मनगट दुखतं, पण तो डोळा उघडत नाही. ज्याला उठवायचं तो घोरतो आणि ज्याला झोपवायचं तो लुकलुकतो! मामीचं प्रुफं तपासायचं काम त्याच्यावर चालतं. तिने येऊन तारीख नीट केली, एक बटण टक् करून त्याला उठवलं आणि कामाला बसली. जाता जाता माझ्याकडे बघून हसली. ती हसते तेव्हा मला जास्त भीती वाटते.

यानंतर मी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. (हे कुणाला सांगू नकोस.) संध्याकाळी ती पट्टी मला माझ्या चष्म्याच्या काचेवर सापडली. मग म्हटलं, आपल्या विद्येकडेच जावं. मीटरच जर या दिव्याची दखल घेत नसेल तर कायद्याने तो दिवा विझलेलाच आहे, असा मुद्दा मांडता येईल. तपासायला खाली गेलो आणि सगळं बंद असताना मीटर कसा दिसतो ते आधी बघावं म्हणून आपला मेन स्विच खाली ओढला. तो आपला नव्हता. तळमजल्यावरच्या न्हाव्याचा होता, आणि त्याच्या खुर्चीत आमचे घरमालक कात्रीने मिशी बारीक करून घेत होते. दिवे गेले, पण दचकलेल्या न्हाव्याची कात्री थांबली नाही. ते टॉवेल लावून बाहेर आले तेव्हा अर्धी मिशी जागेवर होती. बत्तीस वर्षं मीटर वाचलेला माणूस स्वतःच्या जिन्याखाली चुकला रे! पुढे त्यांनी उरलेली अर्धीही काढली. आता ते मला जिन्यात ओळख देत नाहीत आणि खरं सांगायचं तर मीही त्यांना ओळखत नाही.

असो. मी हरलेलो नाही. अजून आठ दिवस आहेत. थोरांना नमस्कार, लहानांच्या पाठीवर धपाटा.

तुझा,
मामा

ता. क. : मी कुणाकडून करून घेत नाही वगैरे वर लिहिलंय ते सोडून दे. ती खूण नेमकी कुठे असते ते मोठ्या अक्षरात, एकाखाली एक असं लिहून ताबडतोब पाठव. घरी नको, खालच्या न्हाव्याच्या पत्त्यावर पाठव. तो अजून माझ्याशी बोलतो. मामीला यातलं अक्षर कळता कामा नये.

आणखी ता. क. : आत्ता दिवा विझला! मी मामीला हाक मारली, गुडघा विसरून उडीसुद्धा मारली. सगळ्या गल्लीची वीज गेली होती.

खटपट्या, हे मी लिहितेय, मामी. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं. काय बोलायचं! ती खूण कुठे असते ते दुरुस्तीवालीने मला दारातच सांगितलं होतं. मी काढून पाहिली, दिवा गपकन विझला, मग मी ती परत लावून ठेवली. गेले तीन आठवडे हे दिवसभर त्या कॉम्प्युटरच्या मागे ओणवे असतात आणि बाकीचं घर उजेडात आहे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी खुर्चीशेजारी दिवा लावून एक जाडजूड कादंबरी सलग वाचतेय. दोनशे बारा पानं झाली, चारशे राहिलीत. हे जिंकले तर मी पुन्हा अंधारात, आणि हरले तर तोंड पाडून बसतील, तेही मला बघवायचं नाही. म्हणून मुदत मी वाढवत राहणार आहे. तू उत्तर जरूर पाठव. मोठ्या अक्षरात, एकाखाली एक, न्हाव्याच्याच पत्त्यावर. फक्त चुकीचं पाठव.