फेट्याचा अखंड पुरावा

पुसेगाव,
६ फेब्रुवारी २००५

श्रीमान शिवहारराव व्याही, मुक्काम कळमनुरी, यांच्या सेवेशी पुसेगावहून किसनरावाचा नमस्कार पोचावा. विहीणबाई, जावईबापू आणि आमची लेक यांना यथायोग्य. आपली तब्येत ठणठणीत असेलच; राग धरून बसलेल्या माणसाची प्रकृती सहसा बिघडत नाही असं माझं निरीक्षण आहे. (माझीही उत्तम आहे. एक गुडघा सोडून.)

पत्रास कारण तेच जुनं. राजनंदिनी आणि विजयकुमार यांच्या लग्नात मी आपल्याला मानाचा फेटा बांधला नाही असं आपण आठ वर्षं सांगत आहात, आणि माझ्या या दोन हातांनी बांधला असं मी आठ वर्षं सांगत आहे. इथवर चालून गेलं. पण नातवाचं जावळ येत्या वीस तारखेला इथे, त्याच्या मामाच्या मांडीवर काढायचं ठरलं, तेव्हा ज्या दारात आपल्या डोक्याचा मान राहिला नाही त्या दारात पाय ठेवणार नाही असा निरोप आपण धाडलात. त्यावर लेक मला फोनवर म्हणाली, "मामंजी येणार नसतील तर मी बी लेकराला घेऊन येणार न्हाई, बाबा. तुमी दोघं बघून घ्या." तेव्हापासून आमच्या घरच्या मंजुळाबाई माझ्यापुढे ताट आदळतात. (ताट भरलेलं असतं, एवढं मी मान्य करतो.) त्या नातवाला मी दिवाळीनंतर पाहिलेलं नाही, आणि त्याच्याशिवाय मला करमत नाही हेही लिहून टाकतो; पण म्हणून खोटं कबूल करणार नाही.

आता मी पुरावा देणार. लग्नाची कॅसेट आमच्याकडे आहे. आपण व्हीसीआर विकून सीडीचा डबा आणलात, म्हणून कॅसेटची सीडी करणं आलं. हिंगोलीच्या स्टुडिओवाल्याकडे मुद्दाम दिली नाही, कारण स्टुडिओवाला आपल्या ओळखीचा निघाला असता, किंवा माझ्या. दोन्हीकडून पुरावा नासला असता. म्हणून पोराने पुण्याहून पाठवलेला संगणक, त्यात बसवलेलं टीव्हीचं कार्ड आणि आमचा म्हातारा व्हीसीआर अशी जोडणी मी स्वतः केली. पिवळी वायर पिवळ्यात, लाल लालमध्ये, पांढरी पांढऱ्यात. इतकं सरळ काम मी पंचायतीत तीस वर्षं नोकरी करूनही पाहिलं नव्हतं. (म्हणूनच मला संशय यायला हवा होता.)

पहिल्या दिवशी पडद्यावर नुसता निळा रंग आला. दुसऱ्या दिवशी चित्र आलं, पण नवरदेव तीन पावलांत मांडवाच्या दारातून बोहल्यावर! मधली चित्रं संगणकाने गिळली होती. कोपऱ्यात एक आकडा असतो, किती चित्रं गळाली त्याचा. तो चारशे बारा. तिसऱ्या दिवशी आवाज पुढे पळाला, म्हणजे मंगलाष्टकं संपून बँड वाजायला लागला तरी भटजींचे ओठ हलतच होते. हिंगोलीत भावसिंग नावाचा भला माणूस संगणकाचे वर्ग चालवतो, त्याला फोन केला. तो एसटीने आला, डबा उघडला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "काका, काहून इथं ठेवला हो? ह्याला पुरी हळद लागून राहिली!" ती हळदीच्या पोत्यांची खोली. थंड असते म्हणून मीच निवडली होती. आतला पंखा पिवळाजर्द. त्याने सगळं झटकलं, व्हायरस शोधणारा कार्यक्रम बंद केला, पडद्यावर आपोआप पोहायला लागणारे मासेही बंद केले (ते मासे मंजुळाबाईंना आवडत), आणि गळतीचा आकडा चारशेवरून सहावर आला. मी सहाही मान्य करणार नव्हतो. 'त्या सहा चित्रांतच फेटा बांधलात वाटतं?' असा टोमणा आपण मारला असतात.

पण खरी तकलीफ पुढेच होती. रेकॉर्डिंग दरवेळी बरोबर एकोणिसाव्या मिनिटाला थांबायचं. फेटा साधारण विसाव्याला. वीज जायची ती वेगळी. वीज असतानाही हा पठ्ठ्या एकोणीसला गप्प! आपण कुणाकडून काही करणी केलीत की काय, असंही मनात येऊन गेलं. (माफ करा. आलं ते लिहिलं.) भावसिंग म्हणाला, जुन्या पद्धतीने आखलेल्या डिस्कवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. "दोन तुकडे करा ना काका, पाच मिंटाचं काम हाय." दोन तुकडे? मग आपण म्हणणार, किसनरावाने मधेच कापलं आणि फेटा मागाहून चिकटवला! मी त्याला बजावलं, पुरावा अंतरपाटापासून फेट्यापर्यंत अखंड पाहिजे, डिस्क नव्याने आख. मंजुळाबाई आतून ओरडल्या, "अवं, आधी ती कॅसेट टीव्हीवर बघा तर एकडाव!" मी साफ नकार दिला. स्वतः केलेली गोष्ट पाहायला मला काय विसर पडलाय? आठ वर्षांत मी ती कॅसेट एकदाही लावली नाही, यातच माझी खात्री दिसते. भावसिंग बुधवारी पुन्हा येणार. सीडी झाली की याच पाकिटात घालून पाठवीन. ती पाहून आपण माझी लेखी माफी मागावी, मग जावळाला यावं. दोन्हींचा क्रम बदलू नये.

आपला,
किसनराव

ता. क. (९ फेब्रुवारी) : सीडी झाली. गळती शून्य, आवाज ओठाला बरोबर, एकाच तुकड्यात चोवीस मिनिटं. माझ्या संगणकाबद्दल आता कुणी बोलू नये. मी, भावसिंग आणि मंजुळाबाईंनी मिळून पाहिली. मघापर्यंत आम्ही तिघेही कोपऱ्यातला आकडाच बघत होतो, फेट्याच्या चित्राकडे आज पहिल्यांदा पाहिलं. विसाव्या मिनिटाला मी फेटा बांधतो. गुलाबी, झोकदार, उत्तम बांधतो. पुनमचंद कापडवाल्याला.

ता. क. (तीच तारीख, संध्याकाळ) : पुनमचंद फेटा पोचवायला हिंगोलीहून आला होता आणि माझ्यासमोर उभा होता, एवढाच त्याचा गुन्हा. आपल्याइतकाच धिप्पाड, तशीच मिशी. मी रडत होतो, व्याहीबुवा. लेक निघायची होती आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं. पुनमचंद बिचारा हात जोडून काही सांगतोय, मी त्याला गप्प करून पीळ घालतोय. आणि त्याच्या मागे आपण, टोपी काढून हातात धरून, मान थोडी वाकवून उभे. चाळीस सेकंद. मग आपण ती टोपी हळूच परत घातलीत आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलंत. मी हा भाग अकरा वेळा पाहिला. मंजुळाबाईंनी आज ताट आदळलं नाही.

ता. क. (१० फेब्रुवारी) : सीडीची एकच प्रत केली आहे, ती सोबत आहे. कळमनुरीच्या आठवडी बाजारात लावून दाखवलीत तरी माझी हरकत नाही. तो आपला हक्क आहे. माफी कुणी मागायची ते वर मी उलटं लिहिलं, ते खोडत नाही, कागद खराब होतो. ती माफी माझ्याकडून समजावी. जावळाच्या आधी अर्धा तास या. येताना टोपी घालून येऊ नका.