नायरीची फ्रेंच

बुर्ज हम्मूद, बैरूत
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र पोहोचलं. येरेवानला बर्फ पडू लागला असेल, गुडघे सांभाळ. इकडे बरं आहे. नदीमचा खोकला गेला. नायरी पंधराची झाली, माझ्याहून उंच दिसते.

तू विचारलंस, पोरगी फोनवर फ्रेंच का बोलते. महिनाभर ती घरातही फक्त फ्रेंच बोलत होती. माझ्याशी अर्मेनियन, बापाशी अरबी, आणि रंगात आली की एका वाक्यात दोन्ही, ही तिची लहानपणापासूनची रीत. ती बंद झाली. मीठ मागितलं तरी शाळेतल्या बाईंना द्यावं तसं उत्तर. नदीम म्हणाला, "शाळेचा तोरा." मीही तेच म्हटलं. त्या महिन्यात आमचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

आज सासूबाई आल्या. कॉफी संपवून, गाळातलं भविष्य वाचून घ्यायला, त्यांनी कप बशीवर उपडा घातला.

"बघ गं नायरी. तुझी ती आजी गेल्यापासून माझा कप कुणी वाचला नाही."

नायरीने फ्रेंचमध्ये सुरुवात केली आणि अडली. तुझ्या-माझ्या आईने तिला कप वाचायला शिकवलं ते अर्मेनियनमध्ये. मग खुणा अर्मेनियनमध्ये आल्या, अर्थ अरबीत.

"आजी, पक्षी आहे. पण लठ्ठ."

"माझ्यावर गेलाय."

तेवढ्यात नदीमने आपला कप उपडा केला. याला बायकांचे चाळे म्हणणारा नदीम.

नायरी त्या कपात बघत राहिली.

"बाबा, यात काही दिसत नाही. तूच सांग. आम्ही दोघी येरेवानला जाणार की राहणार? अर्मेनियन बोलले की तुला वाटतं, ही निघालीच. अरबी बोलले की आई तोंड फिरवते. मी बोलू तरी कशात?"

दोन्ही भाषांत, एका दमात. म्हणजे भिंतीपलीकडून तिने आमची सगळी भांडणं ऐकली होती.

नदीम माझ्याकडे वळला. "जाऊ नकोस," म्हणाला. अर्मेनियनमध्ये. इतक्या वर्षांत उच्चार काही सुधारले नाहीत.

"काय म्हणाला गं हा?" सासूबाई.

"काही नाही आजी. कॉफी गार झाली म्हणतो."

मला हसू आवरेना, ताई. नंतर स्वयंपाकघरात रडून घेतलं.

तू आमच्यासाठी खोली रिकामी केलीस. ती भाड्याने दे. उन्हाळ्यात येऊ, तिघंही. बैठकीत झोपू.

बैरूतमध्येच राहणारी,
तुझी शोघिक