उजवा हात मोकळा

प्रिय धांदरटा,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आई ठणठणीत आहेत. माझ्या शिलाई मशीनशेजारी बसून काजं करतात आणि अधूनमधून तुझ्या नावाने बोटं मोडतात. तुझा फोन आला की आम्ही दोघी आमची काळजी करू नको म्हणतो, आणि फोन ठेवला की एकमेकींकडे बघत नाही. परवा तू सांगितलंस, बंदरावरचं काम आणखी वर्षभर वाढतंय, महिनाअखेरीला सही करायची आहे. इतक्या सहज, जणू आज यायला जरा उशीर होईल! मी बरं म्हटलं. कसलं बरं, डोंबलाचं!

त्याच रागात तुझं कपाट आवरायला काढलं, तर हेल्मेटमध्ये ती डबी सापडली. मोटरसायकलची रेस धरून ठेवायचा चाप, मुठीवरचा हात काढला तरी गाडी त्याच वेगाने पळावी म्हणून. तू जायच्या गडबडीत तो बसवायचा राहूनच गेला. का मागवला होतास, आठवतंय? सरळ रस्ता लागला की तू रेस सोडून उजवा हात मागून तुझ्या कमरेला धरलेल्या माझ्या हातावर ठेवायचास. गाडी मरगळायची, मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे आणि मी तुझ्या पाठीत बुक्की घालायचे. शेवटी म्हणालास, थांब, याचा बंदोबस्तच करतो. आता गाडी मी चालवते, मागे कापडाचे गठ्ठे असतात.

म्हटलं, चाप आपणच बसवू. पण माझी शिंपिणीची खोड जाते कुठे! मुठीचं रबर खराब होऊ नये म्हणून चापाखाली मऊ कापडाची पट्टी घातली आणि स्क्रू आवळला. नशीब, इंजिन बंद असतानाच रेस पिळून पाहिली. मूठ मागे यायचं नावच घेईना, कापड गोळा होऊन मध्येच अडकलं होतं. गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकाकांकडे नेली. ते पोट धरधरून हसले. म्हणाले, सूनबाई, गाडीला अस्तर लावायला निघालीस होय? मग पट्टी काढून त्यांनी चाप नीट बसवला आणि माझ्याकडून पुन्हापुन्हा करून घेतलं. बटण दाबलं की रेस आहे तिथे थांबते, हाताने मागे पिळली की लगेच सुटते. फक्त मोकळ्या रस्त्यावर वापरायचा, अशी तंबीही दिली.

येताना मोकळा रस्ता बघून चाप लावला आणि उजवा हात सोडला. गाडी जराही मरगळली नाही. हात मात्र कुठे ठेवावा ते कळेना. मांडीवर ठेवला, पोटाशी धरला, शेवटी परत मुठीवर नेला. मग गाडी कडेला लावून रडले. तुझ्यापासून काय लपवायचं?

तुला न्यायला येते असं फोनवर सांगितलं असतं तर तू शंभर सबबी पुढे केल्या असत्यास. खोलीत चौघं राहतो, रस्ता लांब आहे, लोक काय म्हणतील. म्हणून लिहितेय. सही करू नकोस. पैशाचं आपण बघू, माझी मशीन काही बंद पडलेली नाही. महिना संपायच्या आधीच्या रविवारी मी गाडी घेऊन येतेय, आईंनीच जा म्हणून सांगितलंय. तुझं हेल्मेट आणतेय. बंदराच्या फाटकाशी सामान घेऊन उभा राहा. तिथपर्यंत गाडी मी आणते, परतीला तू चालव. मी मागे बसेन. आणि सरळ रस्ता लागला की मी बुक्की घालणार नाही.

तुझीच,
मागच्या सीटवरची