सोज्वळ कचरा

मुक्काम धारगळ, तालुका पेडणे
गुरुवार

तीर्थस्वरूप कृष्णनाथ भावोजींना गोकुळदासाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? पावसाळ्यात तो तुमच्यापेक्षा जास्त बोलतो, असे आक्काने कळवले होते. देवकीआक्काला सांगा, तिने कारापूरच्या परसातून पाठवलेले लाल भोपळे पोचले आणि फार उपयोगी पडले. (कशासाठी, ते पुढे येईल. पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवत असाल तर तेवढा भाग खोकून घालवावा.) इकडे सर्व क्षेम आहे, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले.

भावोजी, आमच्या हायस्कुलात कारस्थान शिजते आहे. नव्या मुख्याध्यापिका आल्या आहेत, सरस्वती टीचर, तुमच्याच कारापूरच्या. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाल्यापासून जो तो काहीतरी सुधारायला निघाला आहे, तशा या बाई शाळा सुधारायला निघाल्या. फाटकावर ‘हिरवी शाळा, निरोगी शाळा’ असा फळा लागला. हात धुवायला नळांची रांग झाली, प्रत्येक नळाला जुन्या मोज्यात घातलेला साबण टांगला. प्लास्टिकची पिशवी दिसली की मूल आणि पिशवी दोन्ही घरी परत. इथवर माझे काही म्हणणे नव्हते. पण नळांची रांग नेमकी माझ्या जनेलासमोर का, हे मला कोणी सांगेल काय?

जनेल म्हणजे माझ्या हॉटेलच्या मागच्या भिंतीतली खिडकी. ती शाळेच्या मैदानात उघडते. मधल्या सुट्टीची घंटा झाली की तिथून भजी-पाव आणि बटाटवडे बाहेर जातात आणि शाळेतली बोलणी आत येतात. ट्रकवाले हल्ली पुढच्या नव्या धाब्यावर थांबतात, त्यामुळे माझी चूल त्या घंटेवरच पेटते. म्हणूनच एकदा सरस्वती टीचर रेश्मा टीचरला हळूच म्हणाल्या, “त्या गोकुळदासबाबांच्या जनेलाचं काहीतरी करायला हवं,” तेव्हा माझ्या हातातला झारा कढईतच राहिला. मी खनिजाच्या ट्रकवर क्लीनर होतो, तेव्हापासून नुसता आवाज ऐकून इंजिनचा रोग सांगत आलो आहे. हा आवाज जनेल बंद करण्याचा होता.

मग खताचा खड्डा आला. पालापाचोळा आणि भाजीच्या साली त्यात कुजवून खत करायचे, त्यावर शाळेची भाजी पिकवायची आणि ती मुलांनी खायची, असा बेत. आमच्याकडे खड्डा खणायचा तर आधी जागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणे घालावे लागते. बाबली गावकर नारळ घेऊन उभा राहिला, भोवती आम्ही सगळे पालक. नेहमीचे म्हणणे झाल्यावर बाबलीने आवाज चढवला. “बा देवा म्हाराजा, ह्या शाळेच्या भुरग्यांच्या पोटात जो कोण कायबाय घालता, त्याका बरी बुद्धी दी रे म्हाराजा.” मुलांच्या पोटात शाळेजवळ घालणारा मी एकटा. गाऱ्हाण्याला सगळ्यांनी साथ द्यायची असते, गप्प राहिलो तर लगेच माझ्याकडे बोट वळले असते. म्हणून मी सर्वांत मोठ्याने “व्हय म्हाराजा” म्हणून मोकळा झालो. शेजारच्या जयरामाने कान चोळला. बाबलीला ते वाक्य कोणी पढवले, हे मी अजून शोधतो आहे. (तो म्हणतो, देवाने सुचवले. देवाला माझ्या बटाटवड्याशी काय करायचे आहे?)

नारळ फुटतो न फुटतो तोच टीचर माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणाल्या, हॉटेलचा ओला कचरा रोज खड्ड्यासाठी द्याल ना? आता तुम्हीच सांगा, आजवर कोणी कोणाकडे कचरा मागितला आहे काय? मी ओळखले. कचरा बघायचा आणि मी मुलांना काय घालतो ते ताडायचे. माझ्या हॉटेलात वाईट काही नसते, पण चांगल्यातही चारचौघांत मांडण्यासारखे किती असते? बटाट्याच्या सालींचा डोंगर गेला असता तर खटला तिथेच निकालात निघाला असता.

तेव्हा मी सोज्वळ कचरा काढायला घेतला. बटाट्याच्या साली गुपचूप म्हशीला, आणि खड्ड्याला दुधीच्या, गाजराच्या, काकडीच्या साली. वर शोभेला कोथिंबिरीच्या काड्या. बाजारातली गाजरे संपली तेव्हा आक्काचे भोपळे सोलले. (इथे खोका.) सौ. लक्ष्मी बादली बघून म्हणाली, “ह्या कचऱ्याक आता पावडर लावूया काय?” बायकांना राजकारण कळत नाही.

पण साली गेल्या तरी सोललेला भोपळा मागे उरतोच. दुधी उरतो, गाजर उरते. लक्ष्मीने वाया जायला नको म्हणून भोपळ्याची भाजी केली, खोबरे आणि मिरची घालून, आणि पावाबरोबर जनेलात ठेवली. मुले खाऊन बोटे चाटत परत आली. आता बटाटवडा शिळा होतो आणि भोपळा घंटेआधी संपतो. यातही काही डाव असावा म्हणून मी मुलांची बोलणी ऐकली. डाव नव्हता. त्यांना ती आवडत होती, यावर माझा अजून पुरता विश्वास नाही.

परवा सरस्वती टीचर स्वतः हॉटेलात आल्या. चहा घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, “गोकुळदासबाब, तुमचा कचरा बघितला.”

मी खुर्चीची पाठ धरली.

“इतका स्वच्छ कचरा मी जन्मात बघितला नाही. चहाची पूड, कांद्याची सालं, तुमच्या हॉटेलात काहीच निघत नाही? आणि ती भोपळ्याची भाजी रोज कराल?” मग हळूच मुद्द्यावर आल्या. शाळेत कॅन्टीन काढायचे आहे, ते मी चालवावे. तळलेले नाही, भाजी शाळेच्या मळ्यातली, पाने केळीची, आणि कॅन्टीन सुरू झाले की जनेल बुजवायचे. मी विचारले, एवढी माणसे सोडून मीच का? तर म्हणाल्या, “त्या दिवशी गाऱ्हाण्यात तुम्हीच सगळ्यांत मोठ्यानं व्हय म्हणालात. मी तेव्हाच ठरवलं.”

भावोजी, मी “बघूया” म्हटले. बाई सरळ असतील तर मी त्यांच्यावर फार अन्याय केला आहे, आणि सरळ नसतील तर फारच हुशार आहेत. तुम्ही कारापुरात त्यांच्या माहेरी सहज चौकशी करावी आणि मला कळवावे. गुडघ्याला तीळतेल लावत जावे. लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
गोकुळदास

ता. क. चौकशी राहू द्या, कॅन्टीनला मी कालच होकार दिला. पत्र खरे यासाठी की पुढच्या आठवड्यात आणखी भोपळे पाठवावेत, जमतील तितके, आणि आक्का नाचणीचे ते पेजेसारखे गोड तिजाण कसे करते ते तिच्याकडून नीट विचारून कळवावे. मी मागितले म्हणून सांगू नका, लक्ष्मीला हवे आहे म्हणा.

ता. क. दुसरा. जनेल अजून बुजवलेले नाही. सध्या ते लावून घेऊन त्यावर शाळेच्या बाजूने गणपतीचे कॅलेंडर टांगले आहे. आज शाळा सुटल्यावर त्या कॅलेंडरावरच टकटक झाली. उघडले तर सरस्वती टीचर. “चार मिरची-भजी द्या, कागदात बांधून. आणि हे मुलांना कळता कामा नये.” मी दिली, पण तेव्हापासून जिवाला चैन नाही. ही भूक होती की तपासणी, तेवढे मात्र त्यांच्या माहेरी विचाराच.